द्वारकेचा जाम उपग्रहाला दिसत नाही

मागच्या आठवड्यात नाशिकमध्ये इंदिरानगरहून द्वारका चौकातून पंचवटीला रिक्षाने निघालो. रिक्षावाल्याने मोबाइलच्या नकाशावरची लाल रेघ दाखवली. म्हणाला, "सॅटेलाइट वरून बघतंय दादा, द्वारकेला जाम आहे." चांगली शिकलेली मंडळीही हेच समजतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात आणि आपल्या रस्त्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. 'आत्ता इतके वाजले, मी इथे आहे' एवढंच ते सांगत राहतात. निदान चार उपग्रहांचं ऐकून फोन स्वतःची जागा काढतो. लाल रेघ उमटते ती पुढे अडकलेल्या लोकांचे फोन मुंगीच्या पावलांनी सरकतायत म्हणून.

मग वाट कोण शोधतं? खरी गंमत इथे आहे. यंत्राच्या लेखी नकाशा म्हणजे चौक आणि त्यांना जोडणारे तुकडे. प्रत्येक तुकड्याला किंमत असते, ती मिनिटांत. दोन किलोमीटरची गल्ली ताशी २० किलोमीटरने सहा मिनिटं खाते. तीन किलोमीटरचा मोठा रस्ता ताशी ४५ने चारच.

आता समजा, निघायच्या चौकात पाणी सोडलंय आणि ते सगळ्या रस्त्यांनी, ज्या त्या रस्त्याच्या वेगाने पसरतंय. गोदेला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघतो ना? तसं इथे प्रत्येक चौकाला पाणी पहिल्यांदा कधी लागलं ते लिहायचं. एकदा लिहिलं की खोडायचं नाही. कारण दुसऱ्या वाटेचं पाणी अजून रस्त्यातच आहे, ते आधी पोचणं शक्य नाही. उणे मिनिटं घेणारा रस्ता नसतो. मुक्कामाचा चौक भिजला की पाणी कुठून कुठून आलं ते उलटं वाचत जायचं. झाला सर्वात जलद मार्ग!

एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाला ही युक्ती १९५६मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत वीसेक मिनिटांत सुचली, छापली १९५९मध्ये. पण पंचवटी शोधताना पाणी उगाच त्र्यंबककडेही धावतं. म्हणून १९६८च्या 'ए-स्टार' पद्धतीत मुक्कामाचं उरलेलं अंतर अंदाजाने धरून त्या दिशेला आधी पसरतात. 'एआयवाला नकाशा' म्हणून जे खपवलं जातं, त्याच्या पोटात बरंचसं हेच जुनं सामान असतं.

जुन्या यंत्रांत वेग रस्त्याच्या प्रकारावरून ठरायचा, त्यामुळे पहाटे पाचची द्वारका आणि संध्याकाळी सातची द्वारका त्यांना सारखीच. आता वार आणि तास धरून, खऱ्या गाड्यांच्या नोंदींवरून वेग घेतात.

तरी उड्डाणपूल दगा देतोच. वरचा रस्ता आणि खालचा सर्व्हिस रोड नकाशावर जवळपास एकावर एक. त्यात फोनची जागाच काही मीटरने चुकते. गाडी पुलावर चढली की नाही, हे मागच्या वाटेवरून ताडावं लागतं. ते चुकलं, की पुलावर असताना फोन खुशाल म्हणतो, "डावीकडे वळा."