१९४० च्या रडारवर रेघ फिरत नव्हती

१९४० साली ब्रिटनच्या रडार केंद्रांत गोल पडद्यावर रेघ फिरायची आणि जर्मन विमानं ठिपक्यांसारखी चमकायची, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. किनाऱ्यावरच्या 'चेन होम' साखळीबाबत हे साफ चुकीचं आहे. तिथले अँटेनाचे उंच मनोरे जागचे हलत नसत, मग रेघ फिरणार कशी?

पडद्यावर असायची एक आडवी रेघ. डाव्या टोकाला रेडिओ लहर सुटल्याचा क्षण. विमानावर आपटून प्रतिध्वनी परतला की रेघेला खालच्या बाजूला टोक फुटायचं. ते डावीकडून जितकं दूर, तितकं विमान लांब: १ मिलिसेकंद उशीर म्हणजे १५० किलोमीटर. टोकाची खोली सांगायची प्रतिध्वनीचा जोर. पण खोल टोक म्हणजे मोठं विमान, हाही गैरसमजच. अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी साधारण सोळाव्या हिश्श्यावर येतो.

दिशा तर पडद्यावर नसायचीच! हवाई दलाच्या महिला शाखेतल्या ऑपरेटर गोनिओमीटरची, म्हणजे दिशा मोजणाऱ्या उपकरणाची, मूठ फिरवत राहायच्या, टोक नाहीसं झालं की तबकडीवरचा आकडा वाचायच्या. टोकाच्या थरथरीवरून विमानांची संख्याही ताडायच्या. त्यांचं हे कसब त्या फिरत्या रेघेमागे झाकलं गेलं, हे मला खटकतं. नकाशासारखा गोल पडदा नंतर आला, फिरत्या अँटेनाच्या रडारबरोबर.