स्टॉकफिश

स्टॉकफिश : बुद्धिबळाचं ओपन सोर्स इंजिन. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं, जीपीएल ३ लायसन्सखाली, म्हणजे फुकट तर आहेच पण सोर्स कोडही कुणीही उघडावा, बदलावा, पुढे वाटावा, विकलात तरी हरकत नाही, फक्त देताना बदललेला कोड आणि तेच लायसन्स सोबत द्यायचं. आजच्या घडीला सगळ्यात ताकदवान इंजिन म्हणून साधारण हेच धरलं जातं, साध्या मोबाइलवर चालवलं तरी जगज्जेत्याला भारी पडतं. इंजिन म्हणजे नुसता मेंदू. पट नाही, मोहरे नाहीत, ते अरेना, स्किड किंवा अँड्रॉइडवरच्या ड्रॉइडफिशसारख्या दुसऱ्या प्रोग्रामने दाखवायचे. दोघांमधली बोली म्हणजे यूसीआय, श्टेफान मायर-काहलेन आणि रुडोल्फ हूबर यांनी २००० मध्ये ठरवलेली. कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत स्टॉकफिश थेट सुरू करून ‘पोझिशन स्टार्टपॉस’ आणि मग ‘गो डेप्थ २०’ टाइप केलं की आकड्यांच्या ओळी भराभर पळतात आणि शेवटी ‘बेस्टमूव्ह’ लिहून एक चाल येते, एवढाच काय तो संवाद.

जन्मसाल कुठलं धरायचं हा जरा वादाचा मुद्दा. नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाडने ग्लाउरुंग नावाचं ओपन सोर्स इंजिन २००४ च्या सुमारास बाहेर आणलं, त्याच्या २.१ आवृत्तीचा कोड इटलीच्या मार्को कोस्टाल्बाने घेतला, चुका काढल्या, वेग वाढवला आणि नोव्हेंबर २००८ मध्ये स्टॉकफिश १.० म्हणून सोडला. स्टॉकफिश म्हणजे वाळवलेला कॉड मासा, नॉर्वेत वाळवायचा आणि इटलीत शिजवायचा, नाव त्यावरून. काहीजण वंशावळ लक्षात घेऊन २००४ म्हणतात, पण या नावाने प्रोग्राम २००८ लाच आला तेव्हा तेच साल धरलेलं बरं. फिनलंडचा योना कीस्की लवकरच सामील झाला. ग्लाउरुंग काही काळ शेजारी चालू होतं, पण पोरगं बापाच्या पुढे गेलेलं दिसल्यावर रोमस्टाडने ते थांबवलं.

वंशावळीला इतकं महत्त्व का, तर त्या काळात गाजलेला रिब्का या इंजिनचा वाद. फुकट इंजिनं जुनीच, ग्नू चेस १९८४ पासूनचं, पण खरी खळबळ उडाली ती फाब्यां लतूझे या फ्रेंच माणसाच्या फ्रूटने. २००५ मध्ये फ्रूट २.१ चा कोड जीपीएलखाली खुला झाला आणि त्याच वर्षी संगणकांच्या जागतिक स्पर्धेत फ्रूट दुसरं आलं, म्हणजे जवळजवळ सर्वोत्तम इंजिन आतून कसं दिसतं हे सगळ्यांना फुकटात बघायला मिळालं. पुढे वासिक राइलिखचं रिब्का आलं, कोड बंद, ताकद अफाट. २०११ मध्ये संगणकांच्या स्पर्धा भरवणाऱ्या आयसीजीए या संघटनेने त्यात फ्रूटचा कोड उचललाय असा निष्कर्ष काढून २००७ ते २०१० ची विजेतेपदं काढून घेतली आणि आजन्म बंदी घातली. राइलिखने आरोप मानला नाही. कल्पना घेणं वेगळं आणि कोड घेणं वेगळं, बंद प्रोग्राम उलटा उसवून हे ठरवायचं कसं, असा आक्षेपही बऱ्याच जाणकारांनी घेतला. २०१५ मध्ये फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, एथिक्स कमिशनने आजन्म बंदी अवाजवी ठरवली, विजेतेपदांचा निर्णय मात्र तसाच राहिला. दोन्ही बाजूंचं लिखाण वाचलं तर फ्रूटचा ठसा आहे हे पटतं, शिक्षेचं माप मात्र पटत नाही. फ्रूटमधल्या कल्पना स्टॉकफिशमध्येही आल्याच, पण इथे झाकलेलं काही नाही, कुठली ओळ कधी बदलली ते कोणीही काढून बघू शकतं.

हा खुलेपणा पुढे कोर्टातही उपयोगी पडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये बुद्धिबळाची सॉफ्टवेअर विकणाऱ्या चेसबेस कंपनीने फॅट फ्रिट्झ २ हे इंजिन विकायला काढलं, ते मुळात स्टॉकफिशच होतं, न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकून स्थिती जोखणारा भाग, तेवढं वेगळं लावलेलं. लायसन्स मोडलं म्हणून स्टॉकफिशवाल्यांनी जुलै २०२१ मध्ये जर्मनीत खटला भरला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये समझोता झाला, स्टॉकफिशचा कोड असलेली प्रॉडक्ट्स कंपनीने वर्षभर विकायची नाहीत आणि लायसन्स पाळण्यावर लक्ष ठेवायला एक माणूस नेमायचा, असं त्यात ठरलं. फुकट वस्तूसाठी कोर्टात कशाला जायचं असं कोणाला वाटेल, पण जीपीएलमध्ये किंमत पैशात नसते, कोड परत देण्यात असते.

ताकद वाढली ती मुख्यतः फिशटेस्टमुळे. गॅरी लिन्सकॉटने २०१३ मध्ये सुरू केलेली ही व्यवस्था, कोणीही कोडमध्ये बदल सुचवायचा, मग जगभरच्या हौशी लोकांचे कॉम्प्युटर जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकांशी हजारो डाव खेळवतात, आधी १० सेकंदांचे झटपट, त्यात टिकला तर मिनिटाचे, आणि आकडेवारीने फायदा दिसला तरच बदल आत. चाल सुंदर वाटते म्हणून कोणी काही घुसवू शकत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरो या न्यूरल नेटवर्कवाल्या प्रोग्रामने १०० डावांत स्टॉकफिश ८ ला २८ वेळा हरवलं, बाकी ७२ बरोबरीत, तेव्हा मोठा धक्का बसला. चालीला ठोक एक मिनिट आणि फक्त १ जीबी हॅश, म्हणजे मोजलेल्या स्थिती साठवायची मेमरी, अशा अटींवर टीका झाली आणि ती रास्तच होती, पण रोख बरोबर कळला. न्यूरल नेटवर्कचंच ओपन सोर्स लीला चेस झीरो २०१८ मध्ये आलं, तेही लिन्सकॉटच्याच पुढाकाराने. स्टॉकफिशने मात्र वेगळी वाट धरली, शोगी या जपानी खेळासाठी यू नासूने २०१८ मध्ये मांडलेलं एनएनयूई, ग्राफिक्स कार्डाशिवाय साध्या प्रोसेसरवर पळणारं छोटं नेटवर्क, ते हिसायोरी नोदाने इकडे जोडलं आणि सप्टेंबर २०२० च्या स्टॉकफिश १२ मध्ये ते अधिकृत झालं. स्थिती जोखायचं हाताने लिहिलेलं जुनं मूल्यमापन २०२३ मध्ये पूर्ण काढून टाकलं.

विश्लेषणात लोक सगळ्यात जास्त फसतात ते स्थिती कुणाला किती बरी हे सांगणाऱ्या इंजिनच्या आकड्याला. +१.०० म्हणजे एक प्यादं जास्त, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो, पण डिसेंबर २०२२ च्या १५.१ पासून +१.०० चा अर्थ असा लावलाय की स्टॉकफिश स्वतःशीच खेळलं तर त्या स्थितीतून जिंकण्याची शक्यता ५० टक्के. तुमची-माझी नव्हे. त्यामुळे +०.६ बघून ‘मी जिंकत होतो’ म्हणण्यात फार अर्थ नाही. एकच चाल बघण्यापेक्षा मल्टीपीव्ही, म्हणजे किती चाली दाखवायच्या ती सेटिंग, तीनवर ठेवावं, दुसरी-तिसरी चाल पहिलीच्या किती जवळ आहे त्यावरून स्थिती नाजूक आहे की कुठलीही चाल चालेल ते कळतं. डावाच्या शेवटच्या टप्प्यासाठी रोनाल्ड डी मानच्या सिझिजी फाइल्स जोडता येतात, मोजके मोहरे उरल्यावरच्या स्थितींचे निकाल आधीच काढून ठेवलेल्या, पाच मोहऱ्यांपर्यंतच्या जेमतेम १ जीबी, सहापर्यंतच्या साधारण १५० जीबी, राजे धरून.

इंजिन आंधळंही होतं. २०१७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोझ यांच्या संस्थेने एक स्थिती मांडली होती, पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी, काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि चक्क तीन उंट. तेव्हाची इंजिनं काळा दणदणीत जिंकतोय म्हणून सांगत होती. पण तिन्ही उंट काळ्या घरांचे, पांढऱ्याची प्यादी सगळी पांढऱ्या घरांत, वजीर आणि हत्ती पटाच्या कडेला प्याद्यांच्या गर्दीत कोंडलेले. पांढऱ्याने राजा पांढऱ्या घरांतून फिरवत बसायचं, बरोबरी. माणसाला हे पाच मिनिटांत दिसतं.

खेळायला जोडीदार म्हणून स्टॉकफिश तितकंसं बरं नाही. स्किल लेव्हल ० ते २० ठेवता येते, एलोची, म्हणजे ताकदीच्या आकड्याची, मर्यादाही घालता येते, पण कमजोर केलेलं इंजिन दहा चाली ग्रँडमास्टरसारखं खेळून अकराव्या चालीला घोडा फुकट देतं, माणूस असा हरत नाही. माणसासारखं हवं तर लीचेस या साइटवर माणसांनी खेळलेल्या डावांवरून शिकवलेलं माइया इंजिन, तेही ओपन सोर्सच.

स्टॉकफिशचा कोड घेऊन केलेल्या अनेक फांद्यांपैकी फेअरी-स्टॉकफिश शोगी, चिनी शियांगछी, जुनं अरबी-फारसी शतरंज असे प्रकार खेळते आणि नवे नियम साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून देता येतात. आपल्याकडच्या देशी पद्धतीत प्यादं सुरुवातीलाही एकच घर सरकायचं आणि हल्लीसारखा किल्लेकोट नसायचा, एवढ्यासाठी त्या फाइलमध्ये प्रकाराच्या नावाखाली दोन ओळी पुरतात, ‘डबलस्टेप = फॉल्स’ आणि ‘कॅसलिंग = फॉल्स’.