यकृत प्रत्यारोपणातील रक्तगट जुळणी

यकृताचा दाता व रुग्ण यांचे एबीओ रक्तगट परस्परांना चालण्याजोगे आहेत की नाहीत, हे प्रत्यारोपणापूर्वी ठरविण्याच्या प्रक्रियेस रक्तगट जुळणी म्हणतात. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये वर्णिलेल्या या गटांचे ए आणि बी हे प्रतिजन (पेशींच्या पृष्ठभागावरील ओळखखुणा) तांबड्या पेशींपुरते मर्यादित नसून रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर आणि पित्तनलिकांच्या पेशींवरही असतात. त्यामुळे ज्या रुग्णाच्या रक्तात त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे आधीच असतात, त्याचे शरीर नव्या यकृतावर हल्ला करू शकते.

जुळणीचे नियम रक्त देण्याच्या नियमांसारखेच आहेत. ओ गटाचे यकृत कोणत्याही गटाच्या रुग्णाला चालते, तर एबी गटाचा रुग्ण कोणत्याही गटाचे यकृत घेऊ शकतो. ओ गटाच्या रुग्णाला मात्र ओ गटाचाच दाता लागतो, आणि म्हणूनच मेंदूमृत दात्याचे ओ गटाचे यकृत शक्यतो ओ गटाच्याच रुग्णाला प्रथम देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. आर-एच पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, याची नातेवाइकांना बरीच काळजी वाटते. परंतु आर-एच प्रतिजन यकृताच्या ऊतींवर नसल्याने दाता निवडताना तो आड येत नाही. मूत्रपिंडाच्या बाबतीत महत्त्वाची ठरणारी एचएलए (ऊतींची ओळख ठरविणारे प्रतिजन) जुळणीही येथे सहसा पाहिली जात नाही.

गट चालण्याजोगा असला तरी तो तंतोतंत एकच असणे अधिक चांगले. ओ गटाच्या यकृताबरोबर आलेल्या दात्याच्या लसिका पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) कधीकधी ए किंवा बी गटाच्या रुग्णाच्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात आणि शस्त्रक्रियेनंतर १ ते ३ आठवड्यांत त्या पेशी फुटून पंडुरोग होऊ शकतो. तो बहुधा तात्पुरता असतो.

विसंगत गटाचे यकृत मूत्रपिंडाप्रमाणे काही मिनिटांत किंवा तासांत निकामी होणे विरळ. त्याची किंमत बहुधा पुढे, पित्तनलिका ठिकठिकाणी अरुंद होण्याच्या रूपाने मोजावी लागते. मेंदूमृत दाते अत्यल्प असलेल्या जपानमध्ये जिवंत दात्यांवरच भिस्त असल्याने या अडचणीवर तेथे विशेष काम झाले. तेथे विकसित झालेल्या पद्धतीनुसार रुग्णाला शस्त्रक्रियेच्या सुमारे २-३ आठवडे आधी रिटुक्सिमॅब हे औषध देऊन प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशींना आवर घातला जातो, आणि उरलेली प्रतिपिंडे गरजेनुसार रक्तद्रव बदलून कमी केली जातात. अचानक यकृत निकामी झालेल्या रुग्णाजवळ इतका अवधी नसतो. तान्ह्या बाळांत मात्र ही प्रतिपिंडे पुरेशी तयार झालेली नसल्याने विसंगत यकृतही तुलनेने चांगले टिकते.

भारतात जिवंत नातेवाईक दात्याचा गट जुळला नाही तर अदलाबदलीचा मार्ग आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा दोन कुटुंबांना परस्परांच्या रुग्णांसाठी अवयव देण्याची मुभा दिली: ए गटाच्या रुग्णाची बी गटाची पत्नी आणि बी गटाच्या रुग्णाचा ए गटाचा भाऊ ही त्याची सोपी जोडी. यकृताच्या बाबतीत मात्र गटासोबत दात्याच्या यकृताच्या तुकड्याचा आकार रुग्णाला पुरेल का, हेही पाहावे लागत असल्याने जोड्या जमणे कठीण जाते.

१९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदविलेला बॉम्बे रक्तगट हा या सर्व नियमांना अपवाद आहे. या गटाच्या व्यक्तींत, ओ गटाच्या पेशींवरही असणारा एच हा मूळ प्रतिजनच नसतो आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे असतात. परिणामी नेहमीच्या तपासणीत त्या ओ गटाच्या भासल्या तरी ओ गटाचे यकृतही त्यांच्यासाठी विसंगतच ठरते.