लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीचा जीआर

ज्यांच्या घरात कुणी सरकारी नोकरीत आहे त्यांना १ नोव्हेंबर २००५ ही तारीख घरातल्या वाढदिवसासारखी पाठ असते. त्या दिवसापासून राज्य सरकारच्या नोकरीत येणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. बाकीच्या मुंबईकरांनी ही तारीख कधी ऐकलेलीही नसते. मात्र तिचे परिणाम त्यांच्याही वाट्याला येतात, कधी तहसील कार्यालयाच्या खिडकीसमोर, कधी आरटीओत, कधी सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत. मार्च २०२३ च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा घराघरांत पोचली. जुनी म्हणजे कोणती आणि ती नेमकी कुणाची गेली, हे मात्र लोकांपर्यंत फारसं पोचलं नाही.

पेन्शन या शब्दाशी मराठी माणसाची ओळख पेशवाई बुडाली तेव्हापासूनची. १८१८ नंतर शेवटच्या बाजीरावाला बिठूरला वर्षाला आठ लाख रुपये मिळत होते. १८५१ मध्ये तो वारला आणि दत्तक मुलाला कंपनीने तीच रक्कम नाकारली. पेन्शन म्हणजे देणाऱ्याची मर्जी, असाच तेव्हाचा अर्थ. १८७१ चा पेन्शन कायदाही त्याच वळणाचा; पेन्शनच्या दाव्यासाठी थेट दिवाणी न्यायालयात जायची वाट त्याने बंद ठेवली होती. अर्थ बदलला तो १७ डिसेंबर १९८२ ला. पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या नोकरीचा तो मोबदला आहे, आणि मनाला येईल ती तारीख धरून पेन्शनरांमध्ये डावं-उजवं करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो म्हणूनच. राज्याचे निवृत्तिवेतन नियमही १९८२ चेच. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, त्यावर महागाई भत्ता, आणि त्यासाठी पगारातून एक पैसाही कापायचा नाही. जुनी पेन्शन म्हणतात ती ही.

त्याआधीचा एक टप्पा जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. डिसेंबर १९७७ मध्ये राज्य कर्मचारी संपावर गेले ते ५४ दिवस. मागणी होती केंद्राइतक्या महागाई भत्त्याची. केंद्राने द्यायचं आणि राज्याने काही वर्षांनी, कुरकुरत का होईना, तेच द्यायचं, हा शिरस्ता पुढे कायम राहिला. सातवा वेतन आयोग कागदावर १ जानेवारी २०१६ पासूनचा, कर्मचाऱ्यांच्या हाती पगार पडला २०१९ मध्ये, आणि मधल्या काळाची थकबाकी पाच हप्त्यांत विभागली. द्यायच्या बाबतीत राज्य केंद्राच्या मागे चालतं, तसंच काढून घ्यायच्या बाबतीतही.

केंद्राने नव्या पेन्शन योजनेची अधिसूचना २२ डिसेंबर २००३ ला काढली आणि ती १ जानेवारी २००४ पासून लागू केली. निदान दहा दिवस मधे होते. महाराष्ट्राने जवळपास दोन वर्षं वाट पाहिली आणि मग ३१ ऑक्टोबर २००५ ला जीआर, म्हणजे शासन निर्णय, काढला: उद्यापासून जो नियुक्त होईल त्याला १९८२ चे नियम नाहीत. त्याला ‘परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना’, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या तोंडची डीसीपीएस. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांचे १० टक्के कर्मचाऱ्याने भरायचे, तेवढेच सरकारने. निवृत्तीनंतर किती मिळेल ते बाजार ठरवेल. १ नोव्हेंबर २००५ ला लक्ष्मीपूजन होतं. २६ जुलैच्या महापुराला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. सणाच्या आदल्या दिवशी निघालेला वित्त विभागाचा कागद वाचायला कोण बसणार?

खरा गुंता ‘नियुक्त’ या एका शब्दाचा, आणि त्यावर जरा थांबायला हवं. सरकारी नोकरी लागते म्हणजे नक्की केव्हा लागते? जाहिरात निघते, अर्ज जातात, परीक्षा, मुलाखत, निवड यादी. पुढे वैद्यकीय तपासणी, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, जात वैधता, नियुक्तीचा आदेश, आणि सर्वांत शेवटी रुजू होणं. पहिल्या जाहिरातीपासून सेवापुस्तकात पहिली नोंद पडेपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जातात, आणि त्यातला बहुतेक वेळ सरकारी टेबलांवरच जातो. जीआरने मात्र पाहिला शेवटचा दिवस. त्यामुळे २००४ च्या जाहिरातीवर अर्ज केलेले, एकाच यादीतले दोन उमेदवार. एक ऑक्टोबरात हजर झाला, दुसऱ्याची फाइल पडताळणीत अडकून तो डिसेंबरात. काम तेच, वेतनश्रेणी तीच, दोघांची टेबलं शेजारी शेजारी. म्हातारपण मात्र दोघांचं दोन जातींचं. उशीर सरकारचा आणि भुर्दंड उमेदवाराला, हे कुठल्या न्यायाने बसतं ते सरकारने कधी नीट सांगितलं नाही. गंमत अशी की फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवू नये असं सांगणारा बदल्यांचा आणि दफ्तरदिरंगाईचा कायदाही याच २००५ सालचा.

शिक्षकांचा पेच याहून वाईट. मुंबईतल्या किती तरी खासगी शाळा आधी विनाअनुदानित, मग २० टक्के, ४० टक्के अशा पायऱ्या चढत पूर्ण अनुदानावर येतात. शिक्षक २००५ च्या आधीपासून वर्गात उभा आहे, पण शाळेला शंभर टक्के अनुदान मिळालं त्या तारखेनंतर. मग तो जुना की नवा? सरकार म्हणालं, नवा. शिक्षक म्हणाले, वर्गात आम्ही होतो, अनुदान नव्हतं. वाद न्यायालयांत गेला आणि वर्षानुवर्षं तिथेच घुटमळत राहिला.

डीसीपीएसची सुरुवातीची वर्षं तर विचारूच नयेत. कपात सुरू झाली, पण अनेकांची खाती उघडायला वेळ लागला, सरकारच्या वाट्याचा पत्ता नाही, हिशेबाच्या चिठ्ठ्या मिळेनात. बाजारात गुंतवायचे म्हणून कापलेले पैसे बाजाराच्या तोंडापर्यंतही लवकर गेले नाहीत. पुढे राज्य केंद्राच्या नव्या पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, सामील झालं आणि सरकारचा वाटा १४ टक्क्यांवर गेला. तरी नोकरीत असतानाच जो गेला त्याच्या घरच्यांचं काय, हा प्रश्न तसाच होता. २०१८ मध्ये नोकरीच्या दहा वर्षांच्या आत मृत्यू झाल्यास कुटुंबाला दहा लाख रुपये सानुग्रह द्यायचं ठरलं. कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळायला २०२३ चा संप व्हावा लागला. तो जीआर ३१ मार्च २०२३ चा.

त्या संपाकडे येताना आधीचे तीन महिने पाहायला हवेत. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सरकारने ठणकावून सांगितलं होतं की जुनी पेन्शन परत आणली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. ३० जानेवारी २०२३ ला विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांत मतदान झालं. सत्ताधाऱ्यांना नागपूर आणि अमरावतीत फटका बसला, आणि याच काळात सूरही बदलला: नकारात्मक नाही, विचार करू. १४ मार्चला संप सुरू झाला. त्याच दिवशी विधिमंडळात संपाला आळा घालणारं अत्यावश्यक सेवा परिरक्षण विधेयक, म्हणजे मेस्मा, चर्चेविना मंजूर झालं आणि तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समितीही नेमली गेली. समितीवरचे तिघेही जुन्या पेन्शनवाले असणार हे वयावरूनच उघड होतं, आणि आझाद मैदानात त्यावर बोलणारे कमी नव्हते. संप २० मार्चला मागे घेतला.

त्या सात दिवसांत मुंबईत काय झालं? भायखळ्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात परिचारिका बाहेर आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे. परळचं, शीवचं रुग्णालय मात्र चालू, कारण ती महापालिकेची. कोण राज्याचा आणि कोण पालिकेचा, हे अनेकांना पहिल्यांदाच कळलं असेल. पालिकेची पेन्शनची रेघसुद्धा वेगळी, मे २००८ ची. बेस्टचा कर्मचारी तर तिसऱ्याच पंगतीत. जानेवारी २०१९ मध्ये तो नऊ दिवस संपावर होता, बेस्टचा अर्थसंकल्प पालिकेच्या अर्थसंकल्पात मिळवा म्हणून. २०२१-२२ मध्ये एसटीवाले महिनोन्‌महिने राज्य शासनात विलीनीकरण मागत राहिले, त्याचंही मूळ हेच: आम्हाला त्या पंगतीत बसवा. दहावी-बारावीच्या परीक्षा ऐन भरात असताना हा पेन्शनचा संप झाला आणि उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार पडला. घाटकोपरच्या किंवा कांदिवलीच्या चाळीतला पालक, ज्याला स्वतःला कुठलीच पेन्शन नाही, तो या भांडणात कसा ओढला गेला ते इथे दिसतं.

त्या पालकाचा राग मला कळतो. १९८२ च्या संपानंतर गिरणीतून बाहेर पडलेल्याच्या घरात जुनी पेन्शन कसली आणि नवी कसली. खासगी कंपनीत जन्म घालवलेल्याला ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन महिना एक हजार रुपये, २०१४ पासून तीच. दर महिन्याच्या पगारातून व्यवसाय कराचे दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाला अडीच हजार राज्याकडे जातात. हा कर १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेसाठी लावला, हे पगाराच्या पावतीवर कुठे छापलेलं नसतं. ‘आमच्या पैशातून यांना पेन्शन’ हे वाक्य चर्चगेट लोकलमध्ये ऐकू येतं ते असं. पण त्या वाक्यातले ‘हे’ म्हणजे खिडकीपलीकडचा तिशीतला कारकून असेल, तर त्याला ती पेन्शन मिळतच नाही. ती मिळते त्याच्या साहेबाला.

पुढच्या घडामोडी अजून ताज्या आहेत. १४ डिसेंबर २०२३ ला पुन्हा संप पुकारला गेला आणि लगेच मिटला. ४ जानेवारी २०२४ ला मंत्रिमंडळाने तो ‘नियुक्त’चा गुंता अंशतः सोडवला: जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असेल, तर नंतर रुजू झालेल्यांनाही एकदाच जुनी पेन्शन निवडायची मुभा. आकडा सांगितला गेला सुमारे २६ हजार. केंद्राने हीच सवलत मार्च २०२३ मध्ये दिली होती, म्हणजे इथेही शिरस्ता मोडला नाही. १ मार्च २०२४ ला उरलेल्यांसाठी सुधारित योजना जाहीर झाली, शेवटच्या पगाराच्या निम्मे अधिक महागाई भत्ता. २४ ऑगस्टला केंद्राने पेन्शनच्या रकमेची हमी देणारी एकीकृत पेन्शन योजना आणली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राने ती मंजूर केली. विधानसभेची निवडणूक तीन महिन्यांवर होती. यावेळी केंद्रामागे चालायला एक दिवस पुरला.

या सगळ्यात खिडकीवरच्या माणसाला काय मिळालं? पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून आला. कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली खरी, पण आधी महिन्यातले दोन-तीन शनिवार तरी कार्यालय उघडं असायचं, ते गेले. खासगी नोकरीतल्याला शनिवारी अर्ध्या दिवसात दाखला आणता यायचा, आता रजाच टाकावी लागते. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. वेळेत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड. मुदतींचा फलक भिंतीवर लागला. एका कार्यालयात मी त्या फलकाखालीच पाऊण तास उभा होतो, कारण तीन खुर्च्यांपैकी दोन रिकाम्या होत्या आणि तिसरीवरच्या मुलाला दोन्हीकडची टपालं बघायची होती.

त्या रिकाम्या खुर्च्या हा या इतिहासाचा सगळ्यात कमी चर्चेतला भाग. पगार, पेन्शन आणि व्याज यांना हात लावता येत नाही म्हटल्यावर वाचवायचं कुठे? पदं न भरून. मंजूर पदांपैकी साधारण एक तृतीयांश रिकामी, अशी स्थिती याच काळात होती. जुलै २०२३ मध्ये मुंबई पोलिसांतली टंचाई भरायला तीन हजार माणसं कंत्राटावर घ्यायचं ठरलं, मुदत अकरा महिने. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी कंपन्यांमार्फत सरकारी कामं करून घ्यायचा जीआर निघाला, ओरड झाली आणि २० ऑक्टोबरला तो रद्द करावा लागला. कंत्राटी माणसाला जुनी पेन्शन नाही, नवी नाही, एकीकृतही नाही.

१ नोव्हेंबर २००५ ला पंचविशीत रुजू झालेला कारकून २०३८ मध्ये अठ्ठावन्नाचा होईल. त्या पिढीचं पूर्ण बिल तेव्हापासून सरकारच्या हाती पडू लागेल. शेजारच्या खुर्चीवरच्या कंत्राटी मुलाचं बिल दर अकरा महिन्यांनी फाटतं.