एकेरी दोर, दुहेरी दोर: झाडावर चढण्याच्या दोन पद्धतींची पार्श्वभूमी

गोव्यात झाडावर चढणारा म्हटला की पाडेली (नारळ पाडणारा) आणि रेंदेर (माडाची सूर काढणारा) डोळ्यांसमोर येतात. पण माडाला फांदी नसते, त्यामुळे खालून दोर टाकून अडकवायला जागाच नाही. झावळीच्या देठावर दोर टाकणे हा जिवाशी खेळ आहे. पिकलेली झावळ केव्हाही सुटते. म्हणून माडावर खोडाला पाडलेल्या खाचा, पायांतले दोरीचे कडे किंवा केरळातून आलेले लोखंडी चढणयंत्र हेच चालते. आंबा, फणस, वड, पर्जन्यवृक्ष यांचे तसे नाही. पावसाळ्यापूर्वी वाळकी फांदी उतरवायची किंवा बांडगूळ काढायचे, तर फांदीच्या टोकापर्यंत जावे लागते. तिथे दोराच्या दोन पद्धती आहेत आणि त्या दोन वेगळ्या कामांतून आल्या आहेत.

दुहेरी दोर वृक्षनिगेच्या धंद्यात वाढला. अमेरिकेत, ओहायोतल्या केंट गावी, जॉन डेव्ही यांनी 1880 मध्ये या धंद्याचा पाया घातला. तिथल्या चढणाऱ्यांची रीत अशी घडली: मनिला दोराचे एक टोक कमरपट्ट्याला, दोर बेचक्यावरून पलीकडे, आणि खाली आलेल्या भागावर सरकणारी टॉटलाइन गाठ. पुढे नायलॉन-पॉलिएस्टरचे दोर आले आणि त्यांवर ब्लेक गाठ रुळली. ही गाठ ऑस्ट्रियाच्या हाइन्झ प्रोहास्का यांनी 1981 मध्ये ऑस्ट्रियातल्या डोंगर-वाटाड्यांच्या नियतकालिकात दिली होती. 1994 मध्ये जेसन ब्लेक यांनी ती वृक्षकर्मींपुढे आणली आणि नाव त्यांचे पडले. वरच्या दिशेने 4 वेढे घ्यायचे, शेंडा खाली आणून मुख्य दोरामागून खालच्या 2 वेढ्यांतून वर काढायचा, आणि शेंड्याला आठाची गाठ मारायची. ही शेवटची गाठ राहिली तर शेंडा हळूहळू आत सरकतो आणि पकड सुटते.

एकेरी दोर डोंगर आणि गुहांतला. कार्ल प्रुसिक यांनी दोराला पकडणारी आपली सरकगाठ 1931 मध्ये प्रसिद्ध केली. 1958 मध्ये स्वित्झर्लंडच्या युझी आणि मार्टी यांनी जुमार, म्हणजे दोरावर वर सरकणारी पण खाली न घसरणारी दातेरी पकड, बनवला, तर 1968 मध्ये फ्रान्सचे ब्रुनो ड्रेसलर व फेर्नां पेत्झल यांनी गुहांसाठी चढ-उताराची साधने तयार केली. झाडांकडे ही पद्धत वळवली ती संशोधकांनी: कोस्टारिकाच्या जंगलात डोनाल्ड पेरी अशा दोराने उंच झाडांच्या छत्रात जात, आणि त्यांनी ती रीत 1978 मध्ये छापली.

दुहेरी पद्धतीत माणसासोबत दोरही फांदीवरून सरकतो. 1 मीटर चढायला 2 मीटर दोर ओढावा लागतो. ताकद कागदावर निम्मी लागते, पण सालीवरच्या घर्षणाने प्रत्यक्षात बरीच जास्त. दोर दोन-तीन फांद्यांवरून गेला तर तो हलतच नाही, म्हणून फेकदोरी नेमक्या एकाच बेचक्यात पाडावी लागते. दाट आंब्यात त्यातच अर्धी सकाळ जाते. शिवाय घासून साल सोलते, म्हणून बेचक्यात चामड्याची नळी किंवा दोन कड्यांचा पट्टा हवाच. एकेरीत दोर स्थिर असतो. तो पाच फांद्यांवरून गेला तरी बिघडत नाही, आणि पायांच्या जोरावर चढता येत असल्याने 20 मीटरवरही खांदे गळत नाहीत.

मग धंद्याने एकेरी दोर लगेच का उचलला नाही? कारण जुमार फक्त वर जातो. खाली यायला साधन बदलावे लागते, आणि पणजीतल्या कांपालच्या पर्जन्यवृक्षासारख्या पसरट झाडात माणूस सतत वर-खाली, आडवा फिरत असतो. साधी सरकगाठ एकेरी दोरावर लावली तर सगळे वजन तिच्यावर येऊन ती आवळते, आणि जोरात उतरले की तापून दोराचे वरचे धागे वितळतात. 2010 च्या सुमारास केविन बिंगहॅम यांच्या रोप रेंच या साधनाने ही अडचण सोडवली: गाठीच्या वर दोराला बाक देऊन घर्षणाचा काही भार ते स्वतःवर घेते. तेव्हापासून एकाच साधनावर चढणे, उतरणे आणि काम करणे जमू लागले.

सर्वांत जास्त लक्ष मात्र फांदीवरच्या भाराकडे हवे. 80 किलोचा माणूस दुहेरी दोरावर असेल तर दोन्ही बाजूंना 40-40, म्हणजे फांदीवर 80 किलो. एकेरी दोर बेचक्यावरून आणून खाली बुंध्याला बांधला, तर पलीकडची बाजूही 80 किलोने ताणते आणि फांदीवर 160 किलोपर्यंत भार येतो. सालीचे घर्षण त्यातला थोडा कमी करते. बांडगुळाने पोखरलेली आंब्याची फांदी इथेच दगा देते. म्हणून दोर बुंध्याला बांधून आधी दोघांनी एकदम लटकून पाहावे. दोर वर फांदीलाच फासाने बांधला तर भार पुन्हा 80 वर येतो, पण माणूस अडकला तर खालून त्याला उतरवता येत नाही.

दोराची निवडही गोव्यात जपून करावी. मासेमारीचा पॉलिप्रोपिलीनचा दोर स्वस्त असतो, पण तो साधारण 165 अंशांना वितळतो आणि उन्हात कुजतो. सरकगाठीखाली त्याचा भरवसा नाही. 11 ते 13 मिलिमीटरचा, चढाईसाठीच बनवलेला कमी ताणाचा दोर घ्यावा. दातेरी जुमारखाली दोर कधीही ढिला ठेवू नये: झटका बसून भार 4 ते 6 किलोन्यूटनला पोहोचला की दाते दोराचे आवरण फाडतात. फणसाच्या चिकाने दोर ताठरतो आणि गाठ अडखळते. आणि हुमल्यांची घरटी खालूनच हेरून ठेवावीत, कारण मुंग्या डसू लागल्या की हात नेमका गाठीवरून सुटतो.

20 मीटरवरच्या बेचक्यासाठी दुहेरीत किमान 40 मीटर दोर लागतो. बुंध्याला बांधलेल्या एकेरीतही तेवढाच, पण तो आठाच्या डिसेंडरमधून (दोर हळूहळू सोडू देणाऱ्या आठाच्या आकाराच्या कड्यातून) बांधून आणखी 20 मीटर खाली शिल्लक ठेवावा. वरचा माणूस बेशुद्ध झाला तर खालचा गडी त्यावरूनच त्याला उतरवू शकतो. त्या बुंध्यापाशी मग कोयता किंवा करवत चालवू नये, आणि गाठीशी एक जण सतत उभा असावा.