डेकच्या मागे एकदम बरेच एलिमेंट: सोय जुनी, नाव मात्र परवाचं

अंधेरी-पवईकडच्या ऑफिसांमधला सी++चा जुना कोड उघडलात तर डेकच्या (दोन्ही टोकांना एलिमेंट जोडता येणारी यादी) मागे अख्खा व्हेक्टर (सलग मेमरीतली यादी) जोडायला कुणी फॉर लूप लावून आत पुश_बॅक (मागे एकच एलिमेंट जोडणारं फंक्शन) केलेलं दिसेल, कुणी डी.इन्सर्ट(डी.एंड(), व्ही.बिगिन(), व्ही.एंड()) असं लांबलचक लिहिलेलं. चालतं दोन्ही. पण "मागे जोड" एवढंच सांगणारं फंक्शन इतकी वर्षं का नव्हतं?

डेक संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथच्या 1968 च्या पुस्तकात पण आहे. आपण वापरतो तो मात्र स्टेपानोव आणि मेंग ली यांच्या एसटीएल या लायब्ररीमधला, सी++च्या स्टँडर्ड कमिटीने ती 1994 ला स्वीकारली आणि 1998 च्या स्टँडर्डमध्ये आली. स्टेपानोवचा सगळा भर इटरेटरच्या (यादीतली जागा दाखवणाऱ्या खुणेच्या) जोडीवर, कुठून आणि कुठपर्यंत एवढं सांगा, बाकी काही नको. मग इन्सर्ट कुठेही घुसवतो म्हटल्यावर शेवटासाठी वेगळं फंक्शन कशाला, असा हिशोब. तर्काने बरोबर, टाईप करणाऱ्याचे हाल.

आणि तो लांबलचक इन्सर्ट नुसता स्टाईलचा मामला नाहीये. डेक मेमरीचे तुकडे जोडत जातो, जीसीसी या कंपायलरमध्ये साधारण 512 बाइटचा एक, म्हणजे चार बाइटचे इंट 128 मावतात. नऊ डब्यांच्या लोकलला आणखी तीन डबे लावले तर आधी बसलेल्यांना उठावं लागत नाही, तसंच इथे, जुन्या एलिमेंटचे रेफरन्स शाबूत राहतात (इटरेटर मात्र बाद होतात, यात भलेभले फसतात). व्हेक्टरची जागा संपली की सगळ्यांनाच गाडी बदलावी लागते. आता डेकला रिझर्व्ह (जागा आधीच राखून ठेवणारं फंक्शन) नाहीच, त्यामुळे किती जण येतायत हे आधी कळवायचा मार्ग म्हणजे रेंजवाला इन्सर्टच, जीसीसीची लायब्ररी दोन इटरेटरमधलं अंतर मोजून लागतील तेवढे तुकडे आधीच घेऊन ठेवते. लूपमधल्या पुश_बॅकला हे कळणार कसं?

पायथनवाल्यांना हा त्रास झालाच नाही. 2004 च्या 2.4 मध्ये डेक आला तोच एक्स्टेंड घेऊन, सोबत एक्स्टेंडलेफ्ट, जो पुढून एकेक टाकतो म्हणून क्रम उलटा होतो. डी.एक्स्टेंड(डी) केलं तरी तो आधी कॉपी घेतो आणि निभावतो, सी++ मध्ये इन्सर्टला त्याच डेकचे इटरेटर देणं नियमातच बसत नाही.

सी++11 ने महिरपी कंसातली यादी थेट इन्सर्टला द्यायची सोय केली, बस. खरी हालचाल सी++20 मध्ये रेंजेस (इटरेटरची जोडी न देता अख्खी यादीच एकदम देणं) आल्यावर झाली, आणि सी++23 मध्ये अपेंड_रेंज, प्रीपेंड_रेंज आले. म्हणजे 1998 पासून पंचवीस वर्षं, एवढ्याशा गोष्टीला! बरं, जुन्या इन्सर्टमध्येच रेंज घेता आली असती, पण डेक स्टड::एनीचा (कुठल्याही टाईपची किंमत ठेवणारा टाईप) असेल तर अख्खी रेंज एकच एलिमेंट म्हणून टाकायची की उलगडून, हे कंपायलरने ठरवायचं कसं, म्हणून वेगळी नावं.

ज्यांचे प्रोजेक्ट अजून सी++17 वर आहेत त्यांना तोच लांबलचक इन्सर्ट.