शॅगबार्क हिकरी
(शास्त्रीय नाव : कॅरिया ओव्हॅटा, कुल : जुग्लँडेसी). अक्रोडाच्या कुलातील हा पानझडी वृक्ष पूर्व उत्तर अमेरिकेतील असून कॅनडातील दक्षिण क्वेबेक व आँटॅरिओपासून टेक्सस व जॉर्जियापर्यंत आढळतो. मेक्सिकोच्या डोंगरांतही त्याची तुटक वस्ती आहे. भारतीय बाजारात मिळणारा पिकान याच प्रजातीतील (कॅरिया) दुसऱ्या जातीचा.

पूर्ण वाढलेल्या झाडाची करडी साल लांब पट्ट्यांनी सुटते व पट्ट्यांची टोके खोडापासून बाहेर वळतात. त्यांच्या आडोशाला इंडियाना वटवाघळे उन्हाळ्यात राहतात. कोवळ्या झाडाची साल मात्र गुळगुळीत असते, शिवाय शेलबार्क हिकरीची (कॅ. लॅसिनिओसा) सालही अशीच सुटते. म्हणून केवळ सालीवरून जात ठरवू नये.

हिवाळ्यात जाड डहाळ्या व टोकाची मोठी अंडाकार कळी पाहावी. कळीवरील बाहेरची तपकिरी शल्के (खवल्यांसारखी आवरणे) सैल असली, तरी हिवाळाभर टिकतात, मॉकरनट हिकरीत (कॅ. टोमेंटोझा) ती शरदातच गळतात, तर बिटरनटची (कॅ. कॉर्डिफॉर्मिस) कळी गंधकासारखी पिवळी असते. डहाळी उभी चिरल्यास भेंड (मधला मऊ गाभा) भरीव दिसते, अक्रोडात ते कप्प्याकप्प्यांचे असते. वसंतात आतील शल्के वाढून पाकळ्यांसारखी पिवळसर-तांबूस होतात व बाहेर वळतात. अनेकदा त्यांनाच फुले समजले जाते. खरी नर-फुले हिरवट, तिघांच्या झुबक्यात लोंबणाऱ्या कणिशांत येतात. परागण वाऱ्याने होते.

पाने संयुक्त व एकाआड एक असून पर्णिका (पानाची लहान दले) बहुधा पाच (क्वचित सात), टोकाकडील तीन मोठ्या. पर्णिकेच्या दातेरी कडेवर, प्रत्येक दात्याच्या टोकाजवळ केसांचा बारीक झुबका असतो. उन्हाळा सरताना त्यांतील काही झडले, तरी भिंगाखाली उरलेले दिसतात. ओळखीच्या सर्व खुणांत ही सर्वांत भरवशाची होय. शेलबार्कच्या पर्णिका बहुधा सात व डहाळ्या नारिंगी छटेच्या असतात. शरदात पाने सोनेरी पिवळी होतात. फळाचे जाड कवच तळापर्यंत चार फाकांत उकलते आणि आतून फिकट, चौकोनी कठीण फळ बाहेर येते.

दक्षिणेकडील बारीक डहाळ्यांच्या व काळसर कळ्यांच्या झाडांबद्दल मतभेद आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम अ‍ॅश यांनी 1896 मध्ये ती वेगळी जाती मानली. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ एल्बर्ट लिटल यांनी तिला 'ऑस्ट्रॅलिस' हा याच जातीचा प्रकार ठरविले. उत्तर अमेरिकेच्या वनश्रीकोशानेही तेच स्वीकारले असून येथेही तेच ग्राह्य धरले आहे. शेलबार्क व बिटरनटशी या जातीचे नैसर्गिक संकर होतात, त्यामुळे सीमारेषेवरील काही झाडे एका खुणेवरून निश्चित करता येत नाहीत.

अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बार्ट्रम यांनी 1791 मध्ये क्रीक लोक (अमेरिकेतील मूळ रहिवासी) हिकरीची फळे कुटून, उकळून व गाळून सायीसारखा दाट रस काढत असल्याचे नोंदविले. त्यांनी 'जुग्लान्स एक्झाल्टाटा' या नावाने उल्लेखिलेले झाड बहुधा हेच असावे.